मासे पहाटेच का गवसतात?

मे महिन्याच्या सुट्टीत नदीकाठच्या गावी गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेल. गावाला जाग येण्यापूर्वीच नदीवर माणसांची हालचाल सुरू झालेली असते. कोणी आदल्या संध्याकाळी पाण्यात आडवे लावलेले जाळे ओढून घेत असतो, कोणी फेकजाळे खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यात उभा असतो, तर कोणी गळ टाकून खडकाआड मुकाट्याने बसलेला असतो. ऊन तापू लागले की ही सारी मंडळी घरी परततात. दहा वाजता नदीवर पाहावे, तर म्हशी आणि डुंबणारी मुले यांखेरीज कोणी नाही!

मग मासे पहाटेच का गवसतात? नऊ-दहा वाजता ते जातात तरी कुठे? "थंड वेळ असते म्हणून" असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. या साध्या प्रश्नात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र अशी तिन्ही शास्त्रे दडलेली आहेत. शिवाय, एका नदीतला मासा पहाटे उत्साहाने खायला निघतो, तर दुसऱ्या नदीतला मासा त्याच वेळी श्वासासाठी तडफडत असतो. असे का व्हावे, तेही आपण पाहू.

पाण्यात प्राणवायू किती?

आपण हवेत राहतो आणि हवेत प्राणवायूची चंगळ आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. मासा ज्या पाण्यात राहतो, त्यात मात्र प्राणवायू फार थोडा विरघळतो. आणि पाणी जितके गरम, तितका तो आणखी कमी विरघळतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त किती प्राणवायू विरघळतो, ते पाहा :

२० अंश सेल्सिअसला — लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम
२५ अंशांना — सुमारे ८.३ मिलिग्रॅम
३० अंशांना — सुमारे ७.६ मिलिग्रॅम
३५ अंशांना — सुमारे ६.९ मिलिग्रॅम

म्हणजे मे महिन्यातल्या ३० अंशांच्या पाण्यात माशाला आपल्यापेक्षा सुमारे पस्तीस पटींनी विरळ प्राणवायूवर दिवस काढावे लागतात. त्यातून पाणी हवेच्या आठशेपट जड. ते तोंडातून घेऊन कल्ल्यांवरून ढकलण्यातच माशाची बरीच शक्ती खर्ची पडते. निसर्गाने त्याला कल्लेही मोठे नामी दिले आहेत. कल्ल्यांतले रक्त एका दिशेने वाहते आणि पाणी बरोबर उलट दिशेने. या युक्तीमुळे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू मासा काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसे हवेतल्या प्राणवायूचा जेमतेम चौथा हिस्सा उचलतात!

पाणी तापले की विरघळलेली हवा बाहेर पडते, हे तुम्ही घरीच पाहू शकता. पातेल्यात पाणी घेऊन मंद आचेवर ठेवा. पाणी उकळायला अजून बराच अवकाश असतानाच पातेल्याच्या तळाशी आणि कडेला बारीक बारीक बुडबुडे दिसू लागतात. ते वाफेचे नव्हेत, पाण्यात विरघळलेल्या हवेचे.

दुहेरी संकट

आता माशाच्या शरीराकडे वळू. मासा आपल्यासारखा उष्णरक्ताचा प्राणी नाही. आपल्या शरीराचे तापमान थंडीत काय नि उन्हाळ्यात काय, सुमारे ३७ अंशच राहते. माशाचे तापमान मात्र पाण्याबरोबर वरखाली होते. पाणी तापले की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया जलद होतात आणि प्राणवायूची गरज वाढते. ढोबळ हिशेब असा की, तापमान १० अंशांनी वाढले की ही गरज सुमारे दुप्पट होते.

समजा, एका उथळ पात्रातले पाणी पहाटे २६ अंश आहे आणि दुपारी ३२ अंश. सहा अंशांच्या या फरकाने माशाची प्राणवायूची गरज सुमारे दीडपट होईल. म्हणजे दुपारी गरज वाढलेली आणि पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद कमी झालेली. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, तर कुटुंब काय करते? हात आखडता घेते. मासाही तेच करतो. दुपारी तो डोहाच्या तळाशी, कपारीत किंवा काठच्या झाडाच्या सावलीत निमूट पडून राहतो. भक्ष्यामागे धावणे त्याला परवडत नाही. गळाला लावलेले गांडूळ नाकासमोर आले तरी तो पुष्कळदा ढुंकून पाहत नाही.

पहाटे पाणी दिवसभरातले सर्वांत थंड असते. मासा मोकळेपणाने हिंडतो, काठाजवळच्या उथळ पाण्यात खायला येतो आणि नेमका तेथेच त्याची जाळ्याशी गाठ पडते.

पाण्याखालची पहाट उशिरा होते

पहाटेच्या शिकारीला प्रकाशाचीही मदत होते. पुण्याच्या परिसरात मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पण पाण्याखाली लगेच लख्ख उजेड पडत नाही. सूर्य डोक्यावर असताना पाण्याचा पृष्ठभाग फक्त दोन टक्के प्रकाश परतवतो. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असताना मात्र संथ पाण्यावरून तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रकाश परत फिरतो आणि ५ अंशांवर असताना निम्म्याहून अधिक. सकाळी पाणी आरशासारखे चकाकते ते यामुळेच. काठावर फटफटले, तरी डोहात अजून झुंजुमुंजूच असते.

या अंधूक वेळी माशाच्या डोळ्यांत एक मजेदार उलथापालथ चाललेली असते. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात : उजेडात रंग दाखवणाऱ्या शंकुपेशी आणि अंधारात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी. उजेड वाढला की आपल्या डोळ्यांची बाहुली लहान होते. बहुतेक माशांच्या बाहुलीला हे जमत नाही. मग ते काय करतात? त्यांच्या पडद्यातल्या पेशीच जागा बदलतात! उजेड होऊ लागला की शंकुपेशी पुढे सरकतात आणि दंडपेशी काळ्या रंगद्रव्याच्या आड दडतात. रात्री याच्या उलट. ही अदलाबदल पुरी व्हायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. तेवढ्या वेळात लहान माशांची नजर धड दिवसाची नसते, धड रात्रीची नसते. मोठे शिकारी मासे हीच संधी साधतात. शिंगटीसारख्या मिशाळ माशांना तर डोळ्यांची फारशी गरजच नसते. त्यांच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या कलिका असतात. त्यामुळे गढूळ अंधारातही भक्ष्य कुठे आहे, ते त्यांना मिशांनीच कळते.

आदल्या संध्याकाळी लावलेले नायलॉनचे बारीक जाळेही याच अंधूक वेळी काम करते. भर उजेडात मासा त्याला वळसा घालू शकतो. तिन्हीसांजेला आणि पहाटे तो त्यात डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकून बसतो.

मच्छीमार बसून का राहतो?

गळ टाकणारा माणूस उभा न राहता बसतो आणि शक्य तर बुटक्या झुडपाआड बसतो. हा आळस नव्हे! प्रकाशाच्या वक्रीभवनाचा धडा तुम्ही शाळेत शिकला असाल. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग एका गोल खिडकीतून दिसते. मासा एक मीटर खोल असेल, तर या खिडकीचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर असतो. त्या गोलाबाहेर त्याला पृष्ठभागावर फक्त तळाचे प्रतिबिंब दिसते.

आकाश, झाडे, काठ आणि माणसे असे सगळे या एवढ्याशा खिडकीत दाटीवाटीने बसवलेले असते. जे क्षितिजाजवळ, ते खिडकीच्या कडेला आणि तेही अतिशय चेपलेले. क्षितिजापासून १० अंश उंचीपर्यंतचा सारा देखावा माशाला केवळ १ अंशाच्या पट्टीत दिसतो. पाच मीटरांवर, पाण्याच्या पातळीजवळ बसलेला माणूस या पट्टीत मावून जातो. तोच माणूस उभा राहिला की सुमारे तिप्पट उंच दिसतो आणि मासा पसार होतो. ज्यांनी वक्रीभवनाचे नावही ऐकलेले नाही, त्या जुन्या मच्छीमारांनी केवळ निरीक्षणातून हा नियम शोधून काढला आहे.

तसेच आवाजाचे. काठावरच्या गप्पा माशाला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. कारण हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी हजारातला एकच भाग पाण्यात शिरतो, बाकीचा परत फिरतो. पण होडीच्या लाकडावर वल्हे आपटले किंवा काठावर पाय आपटला, तर तो कंप थेट पाण्यात जातो आणि सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने पसरतो. रोहू, कटला, शिंगटी या माशांमध्ये वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची साखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचे वर्णन केले. या साखळीमुळे वाताशय ढोलासारखा काम करतो आणि या माशांचे कान फार तिखट होतात. म्हणून पाण्यावर खुशाल हळू बोलावे, पण पाय वाजवू नये!

दुसरी पहाट : श्वास कोंडणारी

येथवरची हकिकत वाहत्या, स्वच्छ नदीची झाली. आता दुसऱ्या नदीकडे चला. हिचे पात्र उन्हाळ्यात आटून डबक्यांची माळ झाली आहे. गावाचे सांडपाणी तीत येते, शेतातली खते येतात. पाणी शेवाळाने हिरवेगार झाले आहे आणि कडेला जलपर्णी माजली आहे.

सूर्यप्रकाशात वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणवायू बाहेर टाकतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे अशा हिरव्या पाण्यात दुपारी तीन-चार वाजता प्राणवायू भरपूर असतो. कधी तो लिटरमागे १२ मिलिग्रॅमच्याही वर जातो. पण सूर्य मावळला की प्रकाशसंश्लेषण थांबते. श्वसन मात्र थांबत नाही. शेवाळ, सांडपाण्यावर वाढणारे कोट्यवधी जिवाणू, किडे, मासे असे सगळेच रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. नवीन प्राणवायू फक्त वरच्या हवेतून येणार, आणि संथ पाण्यात तो अगदी सावकाश उतरतो. रात्रभर साठा घटत जातो आणि तो सर्वांत कमी केव्हा होतो? सूर्योदयाच्या किंचित आधी! त्या वेळी तो लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्याही खाली गेलेला असू शकतो. माशांना सुखाने राहायला साधारण पाच मिलिग्रॅम तरी हवा असतो.

आता गंमत पाहा. सूर्योदयापूर्वी पाणी सर्वांत थंड असते आणि ते अधिक प्राणवायू धरून ठेवू शकते. मात्र २६ आणि ३२ अंशांच्या पाण्यात या ताकदीचा फरक लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी आहे. शेवाळाने रात्रीत घडवलेला फरक त्याच्या दहापटही असू शकतो. भांडे मोठे झाले, पण त्यातले धान्यच संपले, अशी ही अवस्था. स्वच्छ नदीत थंडाव्याची जीत होते, घाण नदीत शेवाळाची. म्हणून एकाच घटकेला एकीकडे मासा चरतो आणि दुसरीकडे गुदमरतो.

गुदमरलेला मासा वर येतो. पृष्ठभागाचा अगदी पातळ थर हवेला लागून असल्याने तेथे थोडाफार प्राणवायू असतो. तोंड वर करून मासे तो थर ओढून घेत राहतात. दुरून पाहिले तर पाण्यावर बारीक पाऊस पडतो आहे, असे वाटते. मरळ मात्र अशा वेळी निश्चिंत असते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याचे खास इंद्रिय आहे. तिला वर येऊच दिले नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरेल!

अशा पहाटे मासे पकडणे फार सोपे असते. टोपलीनेही ते उचलता येतात. पण ही लूट फसवी आहे. पाण्यात प्राणवायू संपला आहे की कोणते विष उतरले आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून असे निपचित किंवा मेलेले मासे खाऊ नयेत, ही पहिली गोष्ट. आणि ही नदीने दिलेली धोक्याची घंटा आहे, ही दुसरी.

डोहात काय शिल्लक असते?

या घंटेकडे दुर्लक्ष केले तर काय होते? आपल्याकडच्या बहुतेक नद्या पावसाच्या पाण्यावर जगतात. मे महिन्यात पात्र आटते आणि मैलोगणती पसरलेले मासे थोड्याशा डोहांत गोळा होतात. पाऊस पडून पूर आला की हेच मासे वर-खाली पांगतात आणि अंडी घालतात. रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते. म्हणजे उन्हाळ्यातला डोह ही नदीची बियाण्याची कणगी आहे. शेतकरी कितीही अडचणीत असला, तरी बियाणे दळायला नेत नाही. डोहात सुरुंग उडवणारा किंवा विष कालवणारा माणूस मात्र नेमके तेच करतो. १८९७ च्या मत्स्य कायद्याने या दोन्ही गोष्टींना आपल्या देशात बंदी घातली आहे. सुरुंगाने मोठ्या माशांबरोबर पिल्लेही मरतात, आणि विष तर डोहातल्या किड्यांनाही सोडत नाही.

काही डोह लोकांच्या श्रद्धेने राखले आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तो देवीचा मानला जातो आणि तेथील मासे कोणी मारत नाही. म्हणून तेथे आजही मोठमोठे महसीर मासे पाहायला मिळतात.

महसीरचे आणि मराठीचे नाते जुने आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने पुष्कळदा येथल्या लोकांच्या तोंडची नावेच उचलली. शिंगटीला त्याने 'सींगटी' म्हटले आणि दख्खनच्या महसीरला 'खुद्री'. जगातले शास्त्रज्ञ आजही या माशाला 'टॉर खुद्री' म्हणतात. साइक्सला हा मासा मिळाला होता पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पाण्यात! आज शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या त्या पात्रात महसीर शोधून सापडणार नाही. त्याला थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. नाव ग्रंथात राहिले, मासा मात्र त्या पाण्यातून गेला.

तुम्हीच पाहा

या सुट्टीत एक छोटासा अभ्यास करा. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि पाण्यात उतरू नका. काठावरूनच सगळे करता येते.

१. दोरीला बांधलेल्या बाटलीने पाणी काढून लगेच त्याचे तापमान मोजा. पहाटे साडेपाचला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला असे आठवडाभर मोजून वहीत लिहा.

२. प्रत्येक वेळी पाच मिनिटांत किती मासे पाण्यावर दिसले ते मोजा. उसळी मारून पुन्हा खाली गेलेले मासे आणि तोंड वर करून एकाच जागी राहिलेले मासे यांची नोंद वेगवेगळी करा. पहिले खाणारे, दुसरे गुदमरणारे.

३. पाण्याचा रंग, वास, जलपर्णी आणि पाणी वाहते की साचलेले, हेही लिहा.

४. शाळा सुरू झाल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांना विंकलर पद्धतीविषयी विचारा. हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये शोधलेल्या या पद्धतीने पाण्यातला प्राणवायू मोजता येतो. नमुन्याच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कयुक्त आयोडाइड घातले की साका तयार होतो. साका तपकिरी झाला, तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर तो जवळजवळ नाही. अर्थात, हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचा.

तुमच्या वहीत पहाटेचे 'गुदमरणारे' मासे दिवसेंदिवस वाढताना दिसले, तर ती वही कपाटात ठेवू नका. गावातल्या मच्छीमारांना आणि ग्रामपंचायतीत दाखवा. जलपर्णी वेळेवर काढणे, सांडपाण्याचा ओघ डोहापासून दूर वळवणे आणि वर बंधारा असेल तर थोडे ताजे पाणी सोडणे, हे उपाय गावाच्या हातातले आहेत. मात्र ते जूनच्या पावसाची वाट न पाहता मे महिन्यातच करावे लागतात, कारण पूर आल्यावर अंडी घालायला डोहात मासे जिवंत उरलेले असले पाहिजेत.